वेळापत्रकाबाहेरची भुतं

नाना खैरनारांना भुताची भीती कधीच वाटली नाही. भूत वेळापत्रकात बसलं नाही की मात्र त्यांचं डोकं उठायचं.

म्हणजे कसं, तर गोष्टीतला तरुण रात्री साडेअकराला सुरगाण्याकडच्या एका आडगावात बसमधून उतरतो. फाट्यावर चिटपाखरू नाही. समोर वडाखाली पांढरी साडी. आम्ही सगळे त्या साडीकडे बघत असू. नाना बसकडे बघत.

"थांब," ते म्हणत. "हा साडेअकराला उतरला कशातून? त्या बाजूची शेवटची गाडी साडेचारला सुटते. फार तर आठला पोचते. घाटात पंक्चर झाली, धरू साडेनऊ. साडेअकराला उतरलाच कसा?"

मी म्हणायचो, नाना, गोष्ट आहे जी. त्यावर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत आणि गोष्ट असली म्हणून गाडी आपोआप चालते का, असं विचारत. याला माझ्याकडे उत्तर नसायचं. खरं तर पुष्कळशा प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नसायचं, पण या प्रश्नाला कोणाकडेच नसायचं, एवढाच काय तो दिलासा.

नानांनी तीस वर्षं बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. काचेची केबिन, समोर माइक, गाड्या लावणं आणि सोडणं. निवृत्त झाल्यावर केबिन सुटली, माइक सुटला, पण आवाज त्यांच्याबरोबर घरी आला. ते प्रत्येक गोष्ट दोनदा बोलत, दुसऱ्यांदा सावकाश. भाजीवाल्याकडे उभे राहिले की "भेंडी अर्धा किलो" म्हणत, मग श्वास घेऊन "भेंडी... अर्धा... किलो." शेजारच्या बायका वळून बघत, आपली गाडी लागली की काय अशा चेहऱ्याने.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा त्यांना ती ठेवायची नसत. माणूस कुठला ते एकदा कळलं की तेच त्याचं नाव. मी भंडाऱ्याकडचा, म्हणून मी भंडारा. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणारे मुश्ताकभाई म्हणजे मालेगाव. आणि जिच्या सायबर कॅफेत आम्ही बसायचो ती शैलाताई म्हणजे सिन्नर. नाना स्वतः कळवणचे. "मालेगाव अजून आलं नाही का?" असं ते दारातूनच विचारत, आणि नवीन गिऱ्हाईक गोंधळून बाहेर बघे.

हे सगळं दोन हजार सहाच्या आसपासचं. नाशिकला सिडकोतल्या एका गाळ्यात शैलाताईचा कॅफे होता. प्लायवूडच्या फळ्या टाकून केलेल्या सहा केबिन, पुढे मोकळी जागा, तिथे तिचं टेबल आणि आमच्या खुर्च्या. माझ्या कंपनीची सुट्टी शनिवारी असायची. शनिवारी दुपारी चारला कॅफेत गिऱ्हाईक कमी, कारण वीज जायची वेळ ठरलेली, आणि इन्व्हर्टरवर फक्त एक कॉम्प्युटर आणि एक पंखा चाले. त्या एका कॉम्प्युटरवर आम्ही भुताच्या गोष्टी वाचत होतो.

मराठीत लिहिणाऱ्या हौशी लोकांची एक साइट होती. कोणीही यावं, खोटं नाव घ्यावं आणि लिहावं. निम्म्या गोष्टींच्या वर "सत्य घटनेवर आधारित" असायचं. काही गोष्टी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेल्या. काहींत फॉन्ट नसल्यामुळे नुसतेच चौकोन दिसत, तेव्हा मुश्ताकभाई म्हणत की ही भुतांचीच लिपी आहे, आपण समजून घ्यावं. पान वरून खाली सावकाश उतरायचं. "तिने मागे वळून पाहिलं आणि" इथे अडकायचं. खरी भीती काय वाटायची ती तेवढीच.

वाचायचं काम माझं. ते नानांनी लावून दिलं. पहिल्या शनिवारी मी सहज ताईकडे घरचं पत्र टाइप करून घ्यायला गेलो होतो, तर हे तिघं गोष्ट वाचत बसलेले. नानांचा चष्मा दुरुस्तीला गेलेला. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि वाच म्हणाले. मी नववीपर्यंत शिकलेला. घरी सांगितलं होतं शाळा सुटली. खरं म्हणजे मीच सोडली होती. वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटायची, आणि मास्तर "बस" म्हणायचे. इथे मी एका ओळीत तीनदा अडखळलो तरी नाना "बस" म्हणाले नाहीत. "सावकाश," म्हणाले. "सगळे थांबलेत." पुढच्या शनिवारी चष्मा दुरुस्त होऊन आला, तो त्यांनी खिशात ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाचा आयुष्यभर मिंधा राहीन.

तर मी वाचायचो आणि हे तिघं गोष्टीची हाडं मोजायचे. प्रत्येकाचा आपला प्रांत. मुश्ताकभाईंकडे रक्त. गोष्टीत भिंतभर रक्त आलं की ते बोटं मोजत. "आदमीत पाच लिटर असतं. इथे भिंत, जिना, वर टाकी पण भरली. हा एक माणूस नाही, ही वसाहत आहे." शैलाताईकडे बायका. चिंचेवर केस सोडून बसलेली हडळ आली की तिला पहिली काळजी गुंत्याची. पांढरी साडी वर्षानुवर्षं पांढरी कशी राहते, धुतं कोण, वाळत कुठे घालतात, हे तिने एका लेखकाला खरोखर विचारलं होतं. त्याने उत्तर दिलं नाही.

बाकी सगळं नानांकडे. त्यांच्याजवळ एक छोटी डायरी असे. गोष्ट संपली की ते तीत शेरा लिहीत आणि तो दोनदा जाहीर करत. शेरे तीनच: वेळेवर, उशिरा, रद्द. पावणेदोन वर्षांत "वेळेवर" दोनदा मिळालं. त्यातल्या एका गोष्टीत तर बसच नव्हती, सगळं विहिरीतच घडत होतं.

एकदा एका गोष्टीत अमावास्येला कोणालाच माहीत नसलेली जादा गाडी सुटते असं होतं. नानांनी तिथेच ताईचा फोन ओढला आणि स्टँडच्या चौकशीला लावला. अमावास्येला पेठकडे जादा गाडी सोडता का, असं विचारलं. पलीकडच्या बाईंनी आवाज ओळखला असावा. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, त्या म्हणाल्या, "नाना, गोष्टीतली विचारताय की खरी?" नाना जरा वरमले. मग म्हणाले, "दोन्हीकडची सांगा."

रागावले की त्यांची कळवणची भाषा वर यायची. "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, असं म्हणून ते पडद्यावर बोट आपटत, आणि ताई म्हणायची, नाना, काच आहे ती. त्यांचा सगळ्यात मोठा राग मुक्कामी गाडीवरून. मुक्कामी म्हणजे जी संध्याकाळी गावात जाते, रात्रभर तिथेच उभी राहते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन तालुक्याला येते. आडगावाची शेवटची गाडी ही बहुतेक मुक्कामीच असते. लिहिणाऱ्या शहरातल्या पोरांना हे ठाऊक नसे. ती पोरं नायकाला गावात उतरवून गाडी परत पाठवत, म्हणजे अंधार पडायला मोकळा. नाना म्हणत, अरे, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकून झोपलेत, त्यांचा स्टोव्ह पेटलाय, पोरं गाडीच्या टपावर चढून खेळताहेत, तुझ्या भुताला बाहेर पडायला जागा तरी आहे का?

नानांनी दुरुस्त केलेल्या गोष्टीत भूत उरतच नसे. उरायची एक वेळेवर सुटलेली गाडी आणि सुखरूप पोचलेले प्रवासी.

हे सगळं ऐकून ऐकून मला एक दुर्बुद्धी सुचली. मीच एक गोष्ट लिहिली.

महिनाभर कंपनीतून आल्यावर वहीत लिहीत होतो. मग सातपूरला, जिथे मला कोणी ओळखत नाही अशा दुसऱ्या एका कॅफेत जाऊन तीन खेपांत टाइप केली. "अनामिक" असं नाव घेतलं आणि खाली नवा काढलेला ईमेलचा पत्ता दिला. मला बक्षीस नको होतं. या तिघांनी ती वाचावी आणि ही गोष्ट आहे एवढं म्हणावं, इतकंच हवं होतं. नववीतून पळालेल्या माणसाने गोष्ट लिहिली तर ती गोष्ट होते का, हे मला दुसऱ्या कोणाला विचारता येण्यासारखं नव्हतं.

गोष्ट अशी: एक माणूस बऱ्याच वर्षांनी गावी जातो. शेवटची गाडी त्याला गावात सोडून परत जाते. तो घरोघरी हाका मारतो, कोणी ओ देत नाही. आईसमोर उभा राहतो, तरी तिला दिसत नाही. शेवटी कळतं की तोच मेलेला आहे.

दोन शनिवार ती गोष्ट कोणाच्या नजरेला पडली नाही. तिसऱ्या शनिवारी ताईने नवीन काय म्हणून बघितलं आणि तीच उघडली. आणि अर्थात वाचायची होती मलाच.

स्वतःची गोष्ट दुसऱ्याची म्हणून वाचणं काय असतं ते कोणी करून बघू नये. पहिल्या पानावरच मुश्ताकभाई म्हणाले, "हा स्वतःच मेलेला आहे, लिहून देतो." मी पुढे वाचत राहिलो. ताई म्हणाली, याची आई चुलीवर भाकरी करतेय आणि शेजारी तांदूळ निवडतेय, हात किती आहेत तिला? मी पुढे वाचत राहिलो. गाडी परत गेली तिथे नानांनी हात वर केला, पण बोलले नाहीत. मग एक जागा आली. तो माणूस दारात उभा आहे आणि आई रोजच्यासारखी एक ताट जास्तीचं मांडते, आणि जेवणं झाल्यावर तसंच उचलून ठेवते. तिथे माझा आवाज अडकला. खोकल्यासारखं केलं. नाना म्हणाले, "हे परत वाच." मी परत वाचलं. परत अडकला.

गोष्ट संपली. नानांनी डायरी काढली.

"रद्द," ते म्हणाले. आणि मग सावकाश, "रद्द. मुक्कामी गाडी परत पाठवलीय."

सगळे हसले. मी पण हसलो, जरा जास्तच. खोलीवर येऊन वही ट्रंकेच्या तळाशी घातली. आमच्या गावात गाडी येतच नव्हती. फाट्यावर उतरून पाऊण तास चालायचं. गोष्टीत मी गावाला गाडी दिली, ती मला वाटली तशी दिली. मुक्कामी असते की परत जाते हे नानांनी इतक्यांदा सांगूनही लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही. वाटलं, मास्तर बरोबर होते. बसावं आपण.

चार दिवसांनी सातपूरला तो ईमेलचा पत्ता बंद करायला गेलो, तर आत एक पत्र होतं. खाली नाव: भा. ना. खैरनार, निवृत्त वाहतूक नियंत्रक.

पत्र मी तेव्हा उतरवून घेतलं होतं, ते असं:

"रा. रा. अनामिक यांस, स. न. आपली गोष्ट आम्ही चौघांनी वाचली. मुक्कामी गाडी परत जात नाही, याची नोंद घ्यावी. ती रात्रभर गावातच असते. ड्रायव्हर व कंडक्टर असे दोन इसम जागेवर असतात. आपल्या माणसाला कोणी ओ दिली नाही, तर त्याने गाडीकडे यावे. तेवढा आधार त्याला ठेवावा, ही विनंती. जास्तीच्या ताटाबद्दल काही दुरुस्ती नाही. ते वेळेवर आहे. मी तीस वर्षे लोकांना गाड्यांत बसवून दिले. आलेला माणूस उतरला की घरी जातो, स्टँडवर कोणी थांबत नाही, म्हणून कोणी लिहिले की बरे वाटते. आपण नाशिकच्या बाजूचे असाल तर शनिवारी चार वाजता यावे. आमच्यात भंडाऱ्याचा एक मुलगा आहे. बोलतो कमी. आपली गोष्ट वाचताना त्याचा आवाज दोनदा अडकला, एरवी कोणाच्या गोष्टीत अडकत नाही. आपले त्याच्याशी जमेल. जागा ठेवतो."

मी ते तीनदा वाचलं. मग शैलाताईला जाऊन विचारलं, नाना लेखकांना पत्रं लिहितात का. ती आधी उडवाउडवी करत होती. मग म्हणाली, कोणाला सांगू नको, दर सोमवारी सकाळी येतात आणि माझ्याकडून टाइप करून घेतात. ज्याला ज्याला इथे रद्द म्हणतात त्या प्रत्येकाला जातं. शिव्या नसतात रे, नुसत्या वेळा असतात आणि एखादी चांगली ओळ शोधून काढलेली असते. कोणी उत्तर देतं, बरेचसे देत नाहीत. काकू गेल्या, मुलगी बंगळुरूला. घरी बोलायला आहे कोण त्यांना?

पुढच्या शनिवारी नाना सायकलच्या कॅरिअरला एक निळं प्लास्टिकचं स्टूल बांधून घेऊन आले. ते आमच्या खुर्च्यांच्या ओळीत ठेवलं आणि रुमालाने पुसलं. मुश्ताकभाईंनी विचारलं, कोणासाठी? नाना म्हणाले, येणार आहेत एक जण.

मी सांगायला हवं होतं. सांगितलं तर लेखक मी निघतो, आणि त्यांनी ज्या कोणाची वाट बघत स्टूल पुसलं, त्याच्या जागी रोजचा भंडारा निघाला तर त्यांना काय वाटेल, या धास्तीने मी गप्प बसलो. चारला वाचन सुरू व्हायचं. नानांनी सव्वाचारपर्यंत सुरू करू दिलं नाही. मंत्र्याच्या पाहुण्यासाठी गाडी अडवली नव्हती असं अभिमानाने सांगणारा हा माणूस, दार वाजलं की मान वळवत होता. दहावीची दोन पोरं निकाल बघायला आली, त्यांच्याकडे सुद्धा त्यांनी आशेने बघितलं.

दुसऱ्या शनिवारी तेच. सव्वाचारचे साडेचार झाले.

तिसऱ्या शनिवारी मुश्ताकभाईच म्हणाले, "नाना, छोड दो. मुंबईबिंबईचा कोणी पोरगा असेल, तो काय येतो." नाना पावणेपाचला उठले, स्टुलाला हात घातला आणि ताईला म्हणाले, आज जरा लवकर निघतो. आज... जरा... लवकर.

मी उठलो. त्यांनी उचलायच्या आत त्या स्टुलावर जाऊन बसलो.

पंखा फिरत होता. नानांनी हातातल्या घड्याळात बघितलं. मग डायरी काढली, पान शोधलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आलात?" ते म्हणाले. "दोन आठवडे लेट."

मुश्ताकभाई जोरात हसले, म्हणाले, म्हणजे मेलेला तूच होतास. ताईने डोळ्यांना पदर लावला आणि मला धपाटा घातला. दोन्ही एकदम कसं जमलं तिलाच ठाऊक, तिलाही दोनाहून जास्त हात असावेत. नाना खाली बसले. माझी गोष्ट पुन्हा काढतील, पहिल्या पानापासून धरतील, म्हणून मी पाठ ताठ केली.

त्यांनी विचारलं, "गावाला शेवटचं कधी गेला होतास?"

"चार वर्षं झाली जी."

का, ते मी सांगितलं. दहावी बाहेरून देतो आणि मगच तोंड दाखवतो, असं बाबांना बोलून निघालो होतो. त्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म दोनदा आणला, दोनदा भरला नाही. नाना ऐकत होते, मध्येच काही दुरुस्त न करता, जे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मग आधी जाऊन ये," ते म्हणाले. "गोष्ट नंतर दुरुस्त करू. फॉर्म पण नंतर भरू."

त्या शनिवारी वाचन झालंच नाही. नानांनी डायरीतला एक कागद फाडला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं. नाशिकहून कुठली गाडी, नागपूरला किती वाजता, पवनीला बदलायची, लाखांदूरला उतरून फाट्यापर्यंत काय मिळेल, एक चुकली तर मागची कुठली. विदर्भातल्या गाड्या त्यांना कशा पाठ होत्या, देव जाणे. घडी करून कागद माझ्या खिशात घातला.

खोलीवर येऊन मी तो उघडला. एका बाजूला जाण्याच्या गाड्या होत्या, सुबक, एकाखाली एक. उलट बाजूला परतीच्या होत्या. तिथे शनिवारी दुपारी चारच्या आत नाशिकला पोचवणारी जी गाडी होती, तिच्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली होती, दुसऱ्यांदा सावकाश ओढलेली दिसत होती.